दातांत धरलेला आवाज

प्रिय टिकटिक,

आधी काम, मग गप्पा, हा माझा धंद्यातला नियम तुला ठाऊकच आहे. तर काम असं की तुझं काम झालं नाही. फटफटी विकली गेली नाही, आणि तुझे बाबा तुझ्याकडे राहायला यायला तयार नाहीत. एवढंच कळवायचं असतं तर एका फोनात भागलं असतं. पण फोन कितीदा उचलला नि कितीदा ठेवला, ते माझं मला माहीत. शेवटी दुकानाच्या मागच्या खोलीत, सायलेन्सरच्या खोक्यांमध्ये जागा करून लिहायला बसलोय. बसलोय म्हणजे काय, चार ओळी लिहितो नि उठतो, बाहेर चक्कर मारतो, कुणाला तरी उगाच रागावतो, परत येतो. दुकानातल्या माणसांना वाटतंय शेठ आज मालाची झडती घेतायत. तुझ्या काकूनं तर सकाळीच विचारलं, अंगात मुंग्या शिरल्यात का तुमच्या? शिरल्यात खऱ्या. आणि या पत्रातून त्यातल्या निम्म्या तुझ्याकडे येणार आहेत, तेव्हा वाचायला बसण्याआधी बाळाला निजव.

फोनवर तू जे बोललीस ते माझ्या कानात अजून जसंच्या तसं आहे. काका, ती फटफटी म्हणजे त्यांची थोरली लेक आहे, मी धाकटी. ती गेली की तिथं थांबायला त्यांना निमित्त उरणार नाही. मग तू वाढदिवसाचं सांगितलंस. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला येणार ना, असं तू विचारलंस आणि ते हो हो म्हणाले. तू खोली लावलीस, खिडकीला नवे पडदे शिवलेस, जावईबापूंना स्टेशनवर पाठवलंस, आणि ते बिचारे एकटेच परत आले. विचारायला फोन केलास तर पलीकडून, बरं बरं, ठेवतो. तू म्हणालीस, काका, एकदा शेवटचं विचारा. या वेळी नाही म्हणाले तर मी जन्मात विचारणार नाही, मीही त्यांचीच मुलगी आहे. त्या शेवटच्या वाक्यावर तुझा आवाज असा खरखरला, क्लच पुरता न दाबता कुणी गिअर टाकावा तसा. मी म्हटलं, पोरी, तू निर्धास्त राहा. तुझ्या काकानं आजवर ठरवलेला सौदा फिसकटलेला नाही. बढाई मारायची मला खोडच आहे.

तुला पहिल्यापासून सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. तुझ्या बाबाची नि माझी ओळख झाली तेव्हा मी रस्त्याच्या कडेला टायरमध्ये हवा भरायचो. डोक्यावर फाटकी ताडपत्री, पायाशी पंप, आणि भांडवल म्हणशील तर हे दोन दंड. तो फटफटी ढकलत आला. घामाघूम, पण शर्टाच्या खिशाला पेन, बोटं अशी स्वच्छ की डॉक्टर वाटावा. घड्याळं दुरुस्त करतो म्हणाला. मी गाडीला नुसती एक लाथ मारायला लावली आणि न बघता सांगितलं, व्हॉल्व्ह चिकटलाय. शाळा मी चौथीतच सोडली, पण कान मात्र देवानं पदवीधर दिले! त्या दिवसापासून मी त्याला घड्याळजी म्हणतो आणि तो मला शेठ. शेठ म्हणायचा ते चिडवायला. पुढं मीच त्याचं म्हणणं खरं करून दाखवलं. इंजिनाच्या पोटात कुठं दुखतंय ते ओळखायची आम्हा मिस्त्री लोकांची एक रीत आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि लाकडी मूठ कानाशी धरायची. डॉक्टरच्या नळीसारखं आतलं सगळं ऐकू येतं. ती रीत मी त्याला शिकवली. त्यानं मला घड्याळाची टिकटिक ऐकायला शिकवलं. निरोगी घड्याळ सारख्या पावलांनी चालतं, आजारी असलं तर लंगडतं. अशी आमची देवाणघेवाण. आणि तू त्याच्या दुकानात काउंटरवर पाय हलवत बसून शाळेतलं सगळं सांगायचीस, मध्ये श्वाससुद्धा न घेता, म्हणून तर तुझं नाव टिकटिक पडलं. तो डोळ्याला भिंग लावून खाली मान घालून काम करायचा, पण तू जरा थांबलीस की लगेच, मग? पुढं काय झालं, मग? हा त्याचा ‘मग’ ध्यानात ठेव.

जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार असल्याचं मला व्यापाऱ्यांकडून कळलं. जाऊन यायला एक दिवस पुरेल इतक्या अंतरावर, एका मोठ्या मैदानात. तिथं जुन्या मोटारसायकली जमवणारा एक श्रीमंत माणूस येणार होता, त्याला मी आधीच सांगून ठेवलं की अमुक गाडी आणतोय, नजर टाका. घड्याळजीला एवढंच म्हटलं, चल, तुझ्या म्हातारीला मिरवून आणू. म्हातारी म्हणजे फटफटी, हे त्याला कळलं, आणि लहान मुलासारखा खुलला. दोन दिवस टाकी पुसत होता.

पहाटेच निघालो. तो पुढं, मी मागं. त्याची गाडी मी चालवत नाही. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, नव्या गाड्यांच्या बरोबर उलटं. मी बसलो तर थांबायच्या जागी गिअर टाकीन आणि तुझ्या काकूला विधवा करीन. तर मागं बसून मी माझ्या सवयीनं बोलत होतो. रस्ता बरा होता, हवा गार होती, मी तुझा विषय हळूहळू गळाला लावत होतो, पोरगी एकटी पडते रे बाबा, नातीला आजोबा हवेत, वगैरे. पुढून हूं नाही की चूं नाही. मला वाटलं वाऱ्यानं ऐकू जात नसेल. मग वाटलं, मुद्दाम कानाडोळा करतोय, विषय ओळखलाय बेट्यानं. एवढ्यात मागून ट्रक आला. त्याचा भोंगा असा, की माझ्या पाठीच्या मणक्यात वाजला. घड्याळजी आपला रस्त्याच्या मधोमध, बागेत फिरावं तसा. ट्रकवाल्यानं पुन्हा वाजवला, पुन्हा वाजवला, मी त्याच्या खांद्यावर थापा मारल्या तेव्हा कुठं तो बाजूला झाला. ट्रक शेजारून गेला तसा ड्रायव्हरनं खिडकीतून आमच्या दोन पिढ्यांचा उद्धार केला. घड्याळजीनं त्याला हात हलवून निरोप दिला! मी हसलो खरा, पण त्यानंतर मला मागच्या सीटवर नीट बसवेना. मागून काही येतंय का म्हणून सारखी मान वळवून बघत राहिलो, सगळा रस्ता.

प्रदर्शन मात्र पाहण्यासारखं होतं. एक मोटार इतकी लांब की तिच्या मालकाला पुढून मागं जायला मध्ये पाणी प्यावं लागत असेल. हातानं घंटा वाजवायचा एक लाल आगीचा बंब. तीन चाकांची एक मोटार, तिच्याकडे बघून मला माझा मेहुणा आठवला, कधी कुठल्या बाजूला कलंडेल सांगता येत नाही. म्हातारे मालक आपापल्या गाड्यांशेजारी खुर्च्या टाकून बसलेले, लग्नाच्या मुलींचे बाप बसावेत तसे. दुपारी परीक्षक फिरायला लागले. त्यांची अट अशी की गाडी नुसती चकचकीत असून भागत नाही, समोर सुरू करून दाखवायची. आपली पाळी आली. पहिल्या लाथेला सुरू झाली, पण मध्येच ठेचकाळत होती. मला लगेच ऐकू आलं, मी तोंड उघडणार इतक्यात घड्याळजीनं पिशवीतून तो जुना लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढला, गुडघ्यावर बसला, टोक इंजिनाला टेकवलं, आणि मूठ कानाशी न धरता दातांत धरली. डोळे मिटले. पाणी पिताना जनावर जसं स्तब्ध होतं तसा स्तब्ध झाला. मग टोक इकडं तिकडं सरकवलं, त्यानंच कार्ब्युरेटरचा स्क्रू जरासा फिरवला, पुन्हा मूठ दातांत, आणि इंजिन सारख्या पावलांनी चालायला लागलं. परीक्षकांनी वा म्हटलं. मी मात्र त्या मुठीकडे बघत होतो. लाकडावर दातांचे खड्डे पडले होते, एकावर एक, जुने नि नवे. एका दिवसाचं काम नव्हतं ते.

तुझ्या काकाची अक्कल इतकी धावायला हवी होती की तिथंच सगळं कळावं. नाही कळलं. मी सौद्याच्या नादात होतो. तो श्रीमंत माणूस आला, पांढरे बूट घालून, एवढ्या धुळीत! मी त्याला मनातल्या मनात पांढरे बूटच म्हणत होतो. घड्याळजी पाठमोरा, वाकून टाकी पुसत होता. पांढरे बूट त्याच्या खांद्याशी येऊन म्हणाले, काका, देणार का ही गाडी? घड्याळजीनं अर्धवट मान वळवली, हसला आणि म्हणाला, हो हो. आजच नेली तर चालेल? त्यावरही, हो हो, अवश्य. पांढऱ्या बुटांनी आनंदानं माझा हात दाबला आणि लगेच दोन माणसांना हाक मारली. टिकटिक, सौदा इतका सहज झाला की मला घाम फुटला. धंद्यात मी एक शिकलोय, गिऱ्हाईक काय बोलतं त्यापेक्षा ते कुठं अडखळतं तिकडं कान द्यावा. जो माणूस या गाडीला दुसऱ्याचं बोट लागू देत नाही तो न अडखळता हो म्हणतो? मी काही बोलायच्या आत त्या दोघांनी हँडलला हात घातला, आणि घड्याळजीनं जो आरडाओरडा केला! चोर म्हणाला त्यांना. हँडलला दोन्ही हातांनी मिठी मारून उभा. माणसं जमली. पांढरे बूट लालबुंद, म्हणे तुम्हीच हो म्हणालात, या शेठजींच्या समोर. घड्याळजीनं माझ्याकडे पाहून विचारलं, मी? कधी?

त्या दोन शब्दांत खोटेपणाचा कणही नव्हता. माझे कान त्या बाबतीत चुकत नाहीत. आणि मग एकदम ट्रक आठवला, रस्ताभर न मिळालेली उत्तरं आठवली, दातांचे खड्डे आठवले. तू विचारलेलं आठवलं, वाढदिवसाला येणार ना, आणि त्यावरचं ते हो हो. तेच, त्याच सुरातलं. मी पांढऱ्या बुटांसमोर हात जोडले, म्हटलं, साहेब, चूक माझी आहे, यांना न विचारता मीच तुम्हाला कबूल केलं होतं. त्यांनी मला चार माणसांत जे सुनावलं ते मी गिळलं. तू तुझ्या काकूला सांगू नकोस. ते निघून गेले. घड्याळजी माझ्या तोंडाकडे एकटक बघत होता. मला कळलंय हे त्याला कळलं.

परत निघालो. अर्ध्या वाटेवर एक बंद पडलेला पेट्रोल पंप लागतो, तिथल्या ओट्यावर सावली होती. त्यानं गाडी लावली, मला समोर बसवलं, बरोबर उजेडात, नि म्हणाला, बोल आता, मान वर करून बोल. पण तोच बोलला. अगदी हळू आवाजात. ऐकू न येणारी माणसं ओरडून बोलतात असं आपण समजतो. हा उलट पहिल्यापेक्षाही हळू बोलतो, म्हणून तर कुणाच्या ध्यानात आलं नाही. म्हणाला, आधी घड्याळं गेली. टिकटिक बारीक व्हायला लागली, मग नाहीशी झाली. एकदा सहज म्हणून घड्याळ दातांत धरलं, तर आत डोक्यात वाजायला लागलं, स्पष्ट. तेव्हापासून दुकान तसंच चालवतोय, गिऱ्हाईकाकडे पाठ करून. आणि माणसं? ओठ वाचतो म्हणाला. वाण्याचे ओठ पाठ आहेत, दूधवाल्याचे आहेत, शेजारणीचे तर न वाचताही कळतात. शेठ, तुझे मात्र मिशीखाली लपायचे. टिकटिक, आठवतंय, त्यानं माझ्या मागं लागून मला मिशी काढायला लावली होती? म्हातारा दिसतोस, पोलिसासारखा दिसतोस, काय काय बोलला होता. मी समजलो, मित्राला माझ्या रूपाची काळजी. अरे चोरा! इतकी वर्षं मी बोलायचो आणि तो ऐकायचा, निदान मी तसं समजत होतो. तो माझं तोंड बघत बसायचा.

मी विचारलं, मग पोरीला सांगत का नाहीस? तर मान फिरवली. माझ्याकडे बघितलंच नाही तर मी काय बोलतो ते त्याला कळणार कसं, म्हणून त्याची हनुवटी धरून वळवली. डोळे भरले होते. म्हणाला, नात बोलायला लागलीय. तिचे बोबडे शब्द जावई फोनवर मला ऐकवतो, मी हसतो, मला एक अक्षर कळत नाही. तिथं गेलो आणि ती माझ्या मांडीवर बसून काही मागायला लागली, तर? बोबड्या ओठांचं कसं वाचायचं, शेठ? इथं सगळे ओठ ओळखीचे आहेत, तिथं सगळे नवे. मग पुढं जे म्हणाला ते ऐकून मी उठून पंपाला एक फेरी मारून आलो. म्हणाला, आमची टिकटिक हल्ली फार बारीक बोलते रे. पूर्वी कशी घर डोक्यावर घ्यायची. तिला तिथं कुणी बोलू देत नाही का? सुखात आहे ना ती? मला माहीत आहे माझेच कान गेलेत. पण रात्री पडल्यावर वाटतं, नाही, ती खरंच हळू बोलत असेल. तू एकदा कानानं ऐकून सांग मला, ती सुखात आहे ना. आणि मग शपथ घालायला लागला. तिला हे कळता कामा नये. कळलं तर ती धावत येईल, संसार सोडून माझं करत बसेल. तू सांगितलंस तर आपलं बोलणं बंद, शेठ, कायमचं. मी मान डोलावली. शब्द दिला.

तेव्हापासून घरात नि दुकानात माझा पाय ठरत नाही. तुमचं दोघांचं मला एकट्याला ऐकू येतंय, असं झालंय. इकडं तो म्हणतो पोरीचा आवाज खालावलाय, तिकडं तू म्हणतेस बाबांनी तोडून टाकलं. काल मी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो, मलाच त्रास होतोय असं सांगून. त्यानं तपासलं आणि वैतागून म्हणाला, कान तर विशीतल्या पोरासारखे आहेत, कशाला आलात? मग खरं विचारलं. म्हटलं, एखाद्याला कानानं ऐकू येत नाही पण दातांत धरलं की ऐकू येतं, तर काय? तो सरळ होऊन बसला. म्हणाला, मग आतली नस बहुधा शाबूत असेल, बाहेरून आत जायची वाट अडलेली असेल. तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण अशांपैकी बऱ्याच जणांचं काम होतं, शस्त्रक्रियेनं नाहीतर यंत्रानं. त्यांना घेऊन या. मी घेऊन येणार? त्याच्या दुकानात जाऊन म्हटलं, तर भिंग डोळ्याला लावून मान खाली घालून बसला. मान खाली असली की त्याच्यासाठी जग बंद. मी आपला टेबलावर हात आपटतोय!

तर पत्र का, ते आता सांगतो. हे फोनवर बोललो असतो तर तू त्याच मिनिटाला त्याला फोन लावला असतास, रडत, भरभर, आणि पलीकडून ‘मग’ नाही, पुन्हा तेच हो हो, ठेवतो आलं असतं. मी शब्द मोडलाय. जाणूनबुजून, शुद्धीवर राहून मोडलाय, आणि त्याच्या बोलण्याप्रमाणे तो वागला तर आमची मैत्री या पाकिटाबरोबर गेली म्हणून समज. जाऊ दे. तो माझ्याशी बोलला नाही तरी चालेल, तुझ्याशी बोलायला हवा. तू शेवटचं विचारणार होतीस ना, मग ते फोनवर विचारू नकोस, समोर येऊन विचार. बाळाला घेऊन ये. चार दिवसांसाठी आलीस असं सांग, त्याचं करायला आलीस असं सांगू नकोस. ओरडून बोलू नकोस. ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात, त्याला वाचता येत नाहीत. मी काही लिहिलं होतं हे लपवायची गरज नाही, त्याला लबाडी चटकन ओळखता येते. दुकानात शिरताना दारातून हाक मात्र मारू नकोस, पूर्वीसारखी. ती वाया जाईल आणि तुझं मन उगाच मोडेल. तो खिडकीपाशी, उजेडाकडे तोंड करून बसतो. सरळ जाऊन टेबलासमोर उभी राहा. कामावर सावली पडली की तो मान वर करतो. तेवढा वेळ थांब. त्यानं वर बघितलं की मग बोल.

तुझाच, तुझा बाप आता मला काहीही म्हणो,
शेठकाका